बासरी वाजली की मी

"आजी, पोटच्या पोराचा आवाज वळखता आला नाय तुमाला?" हवालदार म्हणाला आणि शेजारच्या शिपायाकडे बघून हसला.

जानकीबाईनं नुसता पदर कानांवर ओढून घेतला. कानांत कुड्या नव्हत्या. भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या खोवल्या होत्या. त्या बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हसताय काय?" मी म्हणाले. "चोरी हिनं केलीय का?"

"तसं नाय हो ताई. पण पैसे कोणी हिसकावले का? सोताच बँकेत जाऊन भरले ना?"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

जानकीबाई सापगावातली माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. उभा जन्म दवाखान्यात आया म्हणून राबली. नवरा पांडू लवकर गेला. मागे राहिलेल्या इंद्रजीतला तिनं एकटीनं शिकवलं. अंगावर हौसेचं काय, तर पहिल्या पगारातून पैसे राखून केलेल्या त्या कुड्या.

इंद्रजीत पुण्याला कंपनीत लागला. गेल्या बुद्धपौर्णिमेला घरी आला तेव्हा त्यानं आईला मोबाइल आणला. तिला अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्यानं एक सोय करून दिली.

"आई, बासरी वाजली की मी. नुसती घंटी वाजली तर दुसरं कोणीतरी."

तेव्हापासून बासरी वाजली की ही हातातलं टाकून धावायची आणि फोन कानाला लावता लावताच म्हणायची, "बोल रे पोरा." पलीकडच्यानं तोंड उघडायची वाट कधी बघितली नाही. आई ती! पोटच्या पोराला काय 'कोण बोलतंय' विचारणार?

त्या दुपारीही बासरीच वाजली. "बोल रे पोरा," ही म्हणाली, आणि पलीकडचा हुंदके देऊन रडायला लागला. आई, माझ्या गाडीखाली माणूस आला. मला धरून ठेवलंय. कोणाला सांगू नको, उलटा फोन करू नको. आत्ताच्या आत्ता पैसे भर.

हिनं पोस्टातली शिल्लक काढली, कुड्या सोनाराकडे गहाण टाकल्या आणि शहापूरला जाऊन त्यानं सांगितलेल्या खात्यात सगळं भरून आली. संध्याकाळी पुन्हा बासरी वाजली.

"आई, जेवलीस का?"

हा खरा इंद्रजीत होता.

दुसऱ्या दिवशी तो धावत आला आणि आल्या आल्या तिच्यावरच ओरडला. आता चौकीतही तो मान खाली घालून बसला होता, आईची लाज वाटल्यासारखा. शेवटी आतून एक तरुण फौजदार आले आणि त्यांनी उलगडून सांगितलं, की इंटरनेटवरून कोणाचाही नंबर दाखवून फोन करता येतो.

"पण यांचे नंबर त्यांना मिळाले कुठून?" मी विचारलं.

इंद्रजीत चाचरत म्हणाला, "कंपनीच्या गेटवर बक्षिसाचा स्टॉल होता. माझा नि आईचा, दोन्ही नंबर मीच दिले."

घ्या! शिकलेल्यानं फुकटच्या बक्षिसासाठी घराची चावी वाटली, आणि अडाणी कोण, तर ही!

हवालदार पुन्हा म्हणाला, "तरी पण आजी, आधी नाव तरी विचारायचं."

तेव्हा जानकीबाई पहिल्यांदा बोलली. "साहेब, मी दवाखान्यात आया होते. रडत आला त्याला आमी आधी आत घ्यायचो. नाव मागून विचारायचो."

हवालदाराचं हसू मावळलं. पण तक्रारीचं पुढं काही झालं नाही. चोर सापडला नाही आणि कुड्या सुटल्या नाहीत. माझा तळतळाट मात्र त्या रडणाऱ्याला लागो. त्यानं पैसे नेले ते नेले, शिवाय त्या बाईचं आणखी काय नेलं, ते मी परवा माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही ओट्यावर तांदूळ निवडत होतो. घरात बासरी वाजली. ती धावली नाही. सावकाश उठली, फोन घेऊन बाहेर आली, कानाला लावला आणि गप्प उभी राहिली.

"आई?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, मी गो."

ती कानातली काडी बोटानं चाचपत राहिली.

"आई, बोल ना."

"लहानपणी तुला विंचू कुठं चावला होता?" तिनं विचारलं.



"डाव्या अंगठ्याला, आई. पायाच्या."

मग तिनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "बोल रे पोरा."