साहेबांच्या कानांवरचा हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. माझी डावी गादी फाटली आहे आणि वायरीला चिकटपट्टी लावलेली आहे. न्यायालयाच्या तळघरात दुरुस्तीची एक खोली आहे. तिथल्या एका खणात मी पडून असतो. माझी वायर कशालाच जोडलेली नाही. तरीही कधीकधी माझ्या आत कुणी बोलायला लागल्यासारखं वाटतं. तो एका बाईचा आवाज असतो. ती बोलता बोलता थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते. ती कोण, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने मला कानांना लावलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "हा किती स्वच्छ बोलतो गं!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तिथून मी एका मोठ्या सभागृहात गेलो. देशोदेशीचे पाहुणे तिथे मासेमारीच्या हद्दींवर आणि रेल्वेच्या रुळांवर भाषणं करत. दुभाषी ती भाषणं ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगत आणि मी ती पाहुण्यांच्या कानांत सोडत असे. एक जाडजूड गृहस्थ जेवण झाल्यावर मला कानांवर चढवून खुशाल घोरत. ते माझे सुखाचे दिवस होते. ते सुखाचे होते हे मात्र मला फार उशिरा कळलं.

पुढे मला या न्यायालयात आणलं गेलं. अनेक देशांनी मिळून हे न्यायालय उभारलं आहे. युद्धात ज्यांच्या हातात शस्त्र नव्हतं अशांना ज्यांनी मारलं आणि ज्यांनी मारायला लावलं, त्यांच्यावर इथे खटले चालतात. इथली ध्वनियंत्रणा एक तंत्रज्ञ सांभाळत. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी मला आरोपीच्या खुर्चीजवळच्या खुंटीवर अडकवलं. त्या जागेभोवती जाड काच होती. आत बसलेल्या माणसाला बाहेरचा शब्दही ऐकू येत नसे. जे काही कानांवर पडायचं, ते माझ्यातूनच.

त्या खुर्चीत येऊन बसला तो एका देशाचा सर्वोच्च नेता होता. त्याच्या देशात त्याला 'मोठे साहेब' म्हणत. तिथे प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर साहेबांची तसबीर होती. त्यांच्या सैन्याने नदीकाठच्या एका गावाला वेढा घातला, तेव्हा बायकामुलं शाळेत आसऱ्याला गेली. सैन्याने शाळेलाच आग लावली. तो हुकूम साहेबांनी दिला, असा आरोप होता. सत्ता गेली आणि नव्या सरकारने त्यांना विमानात बसवून इकडे पाठवलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला कानांवर चढवलं, तेव्हा त्यांचे कान तापलेले होते. ते उभे राहून गरजले, "मी राष्ट्रप्रमुख होतो. राष्ट्रप्रमुखाला जाब विचारणारे तुम्ही कोण?"

"या कायद्यापुढे कोणीही राष्ट्रप्रमुख नसतो," मुख्य न्यायाधीशबाई म्हणाल्या. "खाली बसा."

न्यायाधीशबाई परक्या भाषेत बोलल्या होत्या. साहेबांना ते ऐकू आलं त्यांच्याच भाषेत, एका तरुण दुभाषी मुलीच्या आवाजात. ती त्यांच्याच देशाची होती. युद्धाआधी शिकायला म्हणून बाहेर पडली आणि परत गेलीच नाही.

रोज सकाळी आवाजाची तपासणी व्हायची. ती वरच्या, दुभाष्यांच्या काचेच्या कोठडीतून बोलायची आणि दादा मला कानांना लावून ऐकायचे.

"ऐकू येतंय का, दादा?"

"येतंय, ताई. पण आज आवाज बसलाय तुमचा."

"काल बाबांचा फोन होता. आमच्याकडे खटला टीव्हीवर दाखवतात ना, त्यात आवाज माझाच असतो. बाबा म्हणाले, साऱ्या गल्लीसमोर मान खाली घालायला लावलीस. आमच्या घरात अजून साहेबांचा फोटो आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? फोन ठेवून दिला त्यांनी."

आणि मग ती बाई साक्षीला आली. ती त्या शाळेत शिकवायची. तिच्या एका गालावर भाजल्याची खूण होती. ती खालच्या आवाजात सांगू लागली, "धूर आत यायला लागला, तेव्हा मी मुलांना म्हटलं, पाढे म्हणा. मोठ्याने म्हणा. म्हणजे त्यांना बाहेरचं काही ऐकू येणार नाही..."

साहेबांनी मला कानांवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी लाकडावर उताणा पडलो. पण मित्रांनो, हेडफोन टेबलावर ठेवला म्हणून बोलायचा थांबतो का? तिचा आवाज माझ्यातून बारीक बारीक पाझरत राहिला. आणि अचानक ती थांबली. काचेतून तिला सगळं दिसत होतं.

"त्यांनी कान मोकळे केलेत," ती म्हणाली. "मग मी कोणाला सांगू?"

न्यायाधीशबाईंनी साहेबांना बजावलं, "हेडफोन लावा. तुमच्याविरुद्ध कोण काय सांगतं, हे ऐकणं हा तुमचा हक्क आहे. आज ते तुमचं कामही आहे."

साहेबांनी मला पुन्हा चढवलं. बाईने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोणता पाढा चालू होता आणि तो कुठे थांबला, तेही तिने सांगितलं. साहेबांच्या कानामागची शीर माझ्या गादीखाली टकटक उडत होती. चेहरा मात्र दगडासारखा होता.

खटला अडला तो एका वाक्यापाशी. वायरलेसवरचं जुनं ध्वनिमुद्रण न्यायालयात वाजवलं गेलं. साहेबांना मी त्यांचाच आवाज ऐकवला, असं त्या एकाच दिवशी घडलं. त्यात ते म्हणत होते, "आता चर्चा पुरे. त्या शाळेचा एकदाचा निकाल लावा."

दुभाषी मुलीने न्यायाधीशांसाठी त्याचं परक्या भाषेत भाषांतर केलं, 'शाळा संपवून टाका.' साहेबांचे वकील ताडकन उठले. "निकाल लावणं म्हणजे निर्णय घेणं! न्यायालयही निकाल लावतं. या दुभाषीबाईंनी माझ्या अशिलाच्या तोंडी खून घातला आहे. त्यांना कामावरून काढा."

तिला खाली बोलावून विचारलं गेलं. ती म्हणाली, "दोन्ही अर्थ होतात. कुठला घ्यायचा, ते कोणाबद्दल बोललं जातंय त्यावरून ठरतं." न्यायालयाने भाषेच्या जाणकारांकडे प्रश्न सोपवला आणि तोवर तिला घरी बसवलं. त्या दिवसांत माझ्यातून दुसऱ्याच कुणाचा सपाट आवाज यायचा.

शेवटी तो हुकूम वायरलेसवर ऐकणारा सैनिक साक्षीला आला. वकिलांनी त्याला विचारलं, "तुम्हाला या वाक्याचा अर्थ काय वाटला?"

"मला काय वाटलं ते जाऊ द्या, वकीलसाहेब. आम्ही शाळेला बंदुका रोखून उभे होतो. हुकूम ऐकल्यावर कोणी विचारलं नाही की कसला निर्णय घ्यायचा म्हणून. कमांडरने डिझेलचे डबे आणायला सांगितले. आम्ही आणले."

"तुम्ही स्वतः आणलेत?"

"हो. माझ्यावरही खटला चालू द्या. पण एकट्या माझ्यावर नको."

वकील खाली बसले. जाणकारांचं मतही तिच्या भाषांतराच्या बाजूने आलं आणि ती मुलगी आपल्या जागी परतली.

निर्णयाच्या दिवशी साहेबांना उभं राहायला सांगितलं गेलं. माझी वायर ताणली गेली. न्यायाधीशबाईंनी आरोप सिद्ध झाल्याचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "शिक्षा सुनावण्याआधी शाळेत मेलेल्या मुलांची नावं मी वाचणार आहे."

नावांना भाषांतर लागत नाही. तरीही ती मुलगी प्रत्येक नाव म्हणत होती, शाळेत हजेरी घेताना म्हणतात तसं. साहेबांच्या हाताशी आवाजाची कळ होती. त्यांनी ती फिरवली आणि मी मुका झालो. काचेपलीकडे सगळे उभे होते. ओठ हलत होते. साहेबांना काहीच ऐकू येत नव्हतं, मलाही नाही. बराच वेळ तसाच गेला. मग साहेबांनी कळ पुन्हा उलटी फिरवली आणि उरलेली नावं ऐकली. का, ते मला आजही कळलेलं नाही. त्या 'का'ने माझी पाठ सोडलेली नाही.

त्यांना जन्मठेप झाली.

दालन रिकामं झाल्यावर दादा मला पुसत होते. वर मुलीचा माइक चालूच राहिला होता. तिचा फोन वाजला. घाईत तिने स्पीकरचं बटण दाबलं. दादांनी मला कानांजवळ धरलं, तेव्हा आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"ऐकलं मी," तिचे वडील म्हणाले. "एवढी मुलं होती त्या शाळेत? मला कोणी सांगितलं नाही."

"बाबा, मी रोज तेच तर सांगत होते."

मग वडील म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे."

ती रडायला लागली. दादांनी मला हलकेच खुंटीवर ठेवलं आणि ते पाय न वाजवता बाहेर गेले.

पुढे बिनवायरीचे हेडफोन आले आणि मी खणात गेलो. साहेबांच्या कानांवरचा म्हणून मला कानांवर चढवायला कोणी तयार नव्हतं. एक हौशी गृहस्थ घरातल्या कपाटात मांडायला म्हणून मला मागायला आले होते. दादा म्हणाले, "ही शोभेची वस्तू नाही." त्यांनी खण बंद केला.

मित्रांनो, माझं काही मागणं नाही. माझी गादी शिवली नाही तरी चालेल. पण ज्यांनी असं काही डोळ्यांनी पाहिलंय, ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. त्यांचे आवाज थकत आहेत. ती सांगतात तोवर त्यांच्याजवळ बसा. 'झालं गेलं विसरा' असं त्यांना म्हणू नका.

आता त्या काचेच्या खोलीत नवा हेडफोन टांगला आहे. दुसऱ्या एका देशाच्या नेत्याला पकडण्याचा हुकूम निघून बराच काळ लोटला. तो माणूस अजून आपल्या देशात मिरवणुका काढतो आहे. खुर्ची रिकामी आहे. दादांचे हात आता थरथरतात. तरी रोज सकाळी ते आत जाऊन तो हेडफोन कानांना लावतात, कळ फिरवून पाहतात आणि गादीवरची धूळ पुसतात. परवा इथे तळघरात एका शिकाऊ पोरीने त्यांना विचारलं, "आजोबा, कोणी येणारच नसेल, तर रोज कशाला तपासता?"

दादा म्हणाले, "तो येईल त्या दिवशी 'मला नीट ऐकू आलं नाही' असं त्याला म्हणता येऊ नये."