कानबाईच्या गळ्यातलं मेलेलं सोनं

रविवारी दुपारी रनाळ्यात भटू आप्पांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आत कानबाई बसली होती. आमच्या खानदेशात श्रावणात नारळाची कानबाई मांडतात, तिला नथ घालतात आणि घरातल्या सुनांचं सोनं तिच्या अंगावर चढवतात. पण आज नैवेद्याच्या रोटांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे बघत होते देवीच्या गळ्यात घातलेल्या, धाकटी सून रुपा हिच्या मंगळपोतीकडं. तिच्यातल्या सोन्याच्या दोन्ही वाट्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

सुवर्णनाथ महाराजांनी सगळ्यांदेखत त्यांना भस्म चोळलं होतं. चोळता चोळता पिवळं सोनं पांढरं झालं.

"सोन्याचा प्राण गेला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आधी सोनं जातं, मग धनी जातो."

हे महाराज तीन आठवड्यांपूर्वी गावात उगवले. कुठून आले, कुणी विचारलं नाही. आपण भाजीवाल्याची वांगी उलटसुलट करून बघतो, महाराजाला मात्र थेट देवघरात नेतो. नाव सुवर्णनाथ, पण अंगावर गुंजभर सोनं नाही. लोक त्याला वैराग्य म्हणत होते.

आणि धनी, म्हणजे आप्पांचा धाकटा भाग्येश, आतल्या खोलीत डेंग्यूनं पडला होता. सकाळपासून त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. आजच्या आज नंदुरबारला हलवा, असं डॉक्टर सांगून गेले होते आणि जीप दारात उभी होती. पण महाराजांचा हुकूम सुटला: आजाऱ्यानं पाच दिवस उंबरा ओलांडायचा नाही. मरण इतर दागिन्यांत पसरू नये म्हणून सगळ्या सुनांचं सोनं महाराज स्वतः प्रकाशा तीर्थावर नेऊन तापीत सोडणार होते. किती ती काळजी!

मी नवनीत, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. भाग्येश माझा जुना विद्यार्थी. खरं सांगतो, मीसुद्धा घाबरलो होतो. देवीला नाही, घाबरलेल्या माणसांना.

"आप्पा, गाडी दारमा शे. पोऱ्याले लई चला," मी म्हणालो.

आप्पा मान खाली घालून उभे. भाग्येशची आई जमनाबाई उंबऱ्यावर आडव्या बसल्या होत्या. "नही सर. उंबरा वलांडा तं मन्हा पोऱ्या मरी जाई. मंग तुम्ही भरी देशात का तो?"

कोपऱ्यात रुपा उभी होती. जावा तिच्यापासून हातभर लांब सरकल्या होत्या. "सर, हाई मन्हामुळे व्हयनं का?" तिनं विचारलं. आतून भाग्येशच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

सोनं गंजत नाही. हजारो वर्षं जमिनीत पुरलेलं सोनं उकरलं तरी पिवळंच निघतं. मग हे पांढरं कसं झालं? मी कानबाईपुढं गुडघे टेकले. लोकांना वाटलं, मास्तर वठणीवर आला. मी बघत होतो पाटावर सांडलेली राख. सोमवारी कानबाई विसर्जनाला उठेपर्यंत तिचा पाट कुणी झाडत नाही, म्हणून ती तशीच राहिली होती.

मी कागदाच्या तुकड्यानं ती राख ताटलीत भरली, तांब्यातलं पाणी ओतलं आणि ताटली हलक्या हातानं फिरवली.

"पाप्या, देवीचा कोप होईल," महाराज म्हणाले. आवाज मघासारखा जड राहिला नव्हता.

वरचं पाणी ओतून दिलं, त्याबरोबर राख निघून गेली. तळाशी बारीक, चांदीसारखे गोळे पळत राहिले. पारा. माझ्या बोटात लग्नातली अंगठी होती. क्षणभर हात थबकला, मग ती काढून मी त्या थेंबांत घोळवली आणि कापसानं चोळली. अंगठी पांढरी झाली.

"आते मन्हं बी सोनं मरनं," मी ती जमनाबाईंपुढं धरली. "पण मी जित्ता शे ना? मावशी, पारा सोनाले चिकटस, दुसरं काही नही."

पूर्वीचे कारागीर याच पाऱ्यात सोनं कालवून कळसावर मुलामा चढवायचे. आणि महाराजांच्या बोटात अंगठी का नव्हती, हेही आता उघड झालं. भस्म चोळताना सगळ्यात आधी तीच पांढरी झाली असती.

जमनाबाईंनी अंगठीकडं पाहिलं, वाट्यांकडं पाहिलं. मग उंबऱ्यावरून उठल्या. आप्पांनी लेकाला उचलून जीपमध्ये घातलं आणि त्याचं डोकं रुपानं मांडीवर घेतलं. महाराज मागच्या दारानं निघाले होते, त्यांना पोरांनी पोलिसांच्या ताब्यात दिलं.

रुपाच्या वाट्या आणि माझी अंगठी नंदुरबारच्या सराफानं तापवून, पारा उडवून पुन्हा पिवळ्या करून दिल्या. हा उद्योग घरी करू नका, तापलेल्या पाऱ्याची वाफ विषारी असते.

भाग्येश वाचला. आणखी एक दिवस घरी ठेवला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून जमनाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. "सर, मी उंबरावरच बठी ऱ्हायतू तं?"

त्यांच्या या प्रश्नापायी हे लिहिलं. चमत्कार दिसला की नमस्काराआधी एवढं विचारा, त्या वस्तूला हात कुणाचा लागला होता. आणि घरात कुणी आजारी असेल तर तेही नंतर विचारा, आधी त्याला गाडीत बसवा. देवी थांबते. ताप थांबत नाही.