पेन्सिलची रेघ

“तुमचे वडील उंचीला किती?” डेरेकने विचारलं.

“अगदी माझ्याएवढे,” शशिधर म्हणाला.

मग डेरेकने त्यालाच खुर्चीवर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं आणि उठताना हात कुठे जातो ते टेपने मोजलं. लीड्समधल्या त्या घरात जिन्याखाली आप्पांसाठी संडास-बाथरूम करायचं होतं. गुडघ्यांमुळे आप्पांना जिना चढवत नव्हता, आणि फेब्रुवारीअखेर ते साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी यायचे होते. कामाचा अंदाज द्यायला आलेल्या साठीच्या डेरेक मिस्त्रीने कुणी न सांगता दारातच बूट काढले होते. दीड तास बसून त्याने पेन्सिलीने सगळं कागदावर काढलं. दार बाहेर उघडणारं, बेसिन कोपऱ्यात, भिंतीला धरायला दांडी.

“मार्चचा पहिला सोमवार तुमच्यासाठी ठेवू?” निघताना त्याने विचारलं.

“हो हो, ठेवा ना. कराल तर तुम्हीच.”

खरं तर अजून दोघा कंत्राटदारांचे खर्चाचे अंदाज यायचे होते. पण इतकं राबलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे असं म्हणतात आणि समोरचा काय ते समजून जातो. डेरेक साताऱ्याचा नव्हता. त्याने डायरीत लिहून घेतलं.

शशिधर हॉस्पिटलच्या आयटी विभागात होता, त्यामुळे तिघांचा तक्ता एक्सेलमध्ये झाला. पैसे, दिवस, गॅरंटी. एका कंपनीचा माणूस स्वस्त होता, शिवाय लगेच सुरू करणार होता. फक्त त्याला ड्रॉइंग हवं होतं. शशिधरने डेरेकचा कागद काढून दिला.

“हे बरं दिसतं का रे?” त्याची बायको सुप्रभा म्हणाली. “निदान त्याला फोन तरी कर.”

“कागदच तर आहे. आणि फोन नाही केला की समजेल त्याला.”

आप्पा आले तेव्हा काम झालेलं होतं. विमानतळावर शशिधरला ते आधी दिसलेच नाहीत. न भेटलेल्या पाच वर्षांत ते वाकून त्याच्या खांद्याशी आले होते. बाथरूमची दांडी धरायला त्यांना हात वर ताणावा लागे. “नवीन आहे, होईल सवय,” ते म्हणाले. चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते ते. कंपनीचा माणूस फळीवर विसरून गेलेला डेरेकचा कागद त्यांनी चष्मा लावून निरखला. “हात चांगला आहे रे याचा. मला भेटव एकदा.”

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला दारात व्हॅन उभी राहिली. शशिधरने दार उघडलं. डेरेक बूट काढून आत आला आणि जिन्याखालच्या नव्या दाराकडे बघत राहिला. दार बाहेर उघडत होतं.

“सॉरी,” शशिधर म्हणाला. “मी फोन करायला हवा होता.”

“हो, तेवढंही चाललं असतं,” डेरेक शांतपणे म्हणाला. “आठवडा मोकळा ठेवला होता मी.”

एवढ्यात आप्पा काठी टेकत आले. “हाच का रे तो कागदवाला? सुप्रभा, चहा टाक गं.”

डेरेकने आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग शशिधरला. आप्पांना त्याने आत नेऊन कमोडच्या झाकणावर बसवलं आणि खुणेने उठायला सांगितलं. आप्पांचा हात वर चाचपडला. डेरेकने कानावरची पेन्सिल काढून दांडीच्या वीतभर खाली भिंतीवर रेघ मारली.

“इथे हवी. त्या कंपनीवाल्यांना सांगा, थोडंसंच काम आहे.”

चहा न घेता त्याने बूट चढवले. शशिधर दारात उभा होता, पण डेरेककडे बघायची त्याला लाज वाटली.

व्हॅन गेल्यावर आप्पांनी विचारलं, “काम त्याला सांगितलं होतंस?”

शशिधरने होकारार्थी मान हलवली.

“मग दांडी त्यालाच बसवू दे. दुसरा कुणी नको.”

शशिधरने तीनदा फोन उचलला. तिसऱ्यांदा पलीकडून डेरेकचा “हॅलो” आला, आणि त्याने रिसीव्हर खाली ठेवला.

ऑगस्टपर्यंत आप्पा त्या रेघेवर पंजा सपाट टेकून उठत राहिले. ते परत गेले तेव्हा तिथला रंग काळपट पडला होता. वरची दांडी मात्र नव्यासारखी चकचकीत होती.