मुहूर्तावर अडलेला प्रश्न

मी एक प्रश्न. दचकू नका, तुमच्याकडे उत्तर मागायला आलेलो नाही. ते मला केव्हाच मिळालं. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं अडली की एका वेबसाइटवर आपली अडचण मांडतात आणि जगभरातली त्यांच्यासारखीच माणसं ती फुकटात सोडवून देतात. तिथं माझा मुक्काम असतो. मी इंग्रजीत लिहिलेला असलो तरी जन्म जळगावच्या पिंप्राळ्यातला, त्यामुळे मराठी मला परकी नाही.

मला जन्म दिला हेमांगीनं. पुण्यातली नोकरी आणि मोडलेला संसार मागे टाकून ती आईकडे परत आली होती आणि घरी बसून कामं घ्यायची. समाजाच्या वधू-वर मेळाव्याची नोंदणी यंदा मोबाइलवरून करायची ठरली, तेव्हा समितीचे अध्यक्ष रुपचंद आबा म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? आपली हेमा आहे ना."

तिनं जावा भाषेत, स्प्रिंग नावाच्या तयार चौकटीवर वेबसाइट उभी केली. फॉर्मची पानं दोन. पहिल्यावर नाव, गाव, जन्मतारीख. दुसऱ्यावर शिक्षण, नोकरी आणि वैवाहिक स्थिती. भरलं की यादीत लगेच दिसायचं. घरी तिनं कितीदा तरी भरून पाहिलं, एकदाही काही चुकलं नाही.

पण आपल्याकडे शुभकार्य असं केव्हाही सुरू होत नाही. आबांनी पंचांग पाहून रविवारी सकाळी अकराचा मुहूर्त काढला, नारळ फोडला आणि ग्रुपवर टाकलं, की मुहूर्तावर भराल तर स्थळ लवकर जमेल. जळगावपासून पार पिंपळनेरपर्यंत जो तो फोन हातात धरून बसला. हेमांगीला स्वतःचं नाव घालायचंच नव्हतं. तिच्या आई, प्रमिलाबाई, ऐकेनात.

"हेमा, अकरा वाजी ग्यात. मुहूर्त चुकाडू नको."

आईच्या समाधानासाठी तिनं भरलं. वैवाहिक स्थितीपुढे 'घटस्फोटित' निवडलं आणि लॅपटॉप बंद केला.

दुपारपासून प्रमिलाबाईंचा फोन वाजायला लागला. चांगल्या घरची स्थळं, गोड बोलणारी माणसं. बाईंचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी एरंडोलहून सुकदेव नाना आले, तेव्हा त्या फोनांचं कारण कळलं. नानांची मुलगी मेघा, जिचं अजून लग्नच झालेलं नाही, तिच्या नावापुढे यादीत 'घटस्फोटित' आलं होतं. आणि हेमांगीच्या नावापुढे 'अविवाहित'.

"अक्का, तुमनी पोरनी सोतानं पुसं," नाना दारातूनच म्हणाले, "अन् मन्ही मेघाना माथे मारं."

वेबसाइट जिच्या हातात, फायदाही तिचाच. कुणीही हाच अर्थ काढला असता. यादी दुरुस्त करणं सोपं होतं, पण ती सारवासारव दिसली असती. येत्या रविवारी समितीची बैठक होती. चूक प्रोग्रॅमची होती हे तोवर दाखवता आलं नाही, तर हेमांगी साऱ्या समाजात खोटी ठरणार होती.

अशा घाईत माझा जन्म झाला. त्यामुळे मी जरा अशक्तच निपजलो. 'अ या व्यक्तीची माहिती कधी कधी ब च्या नावावर जाते, कारण कळत नाही,' एवढाच माझा मजकूर, आणि सोबत प्रोग्रॅमचा अर्धा तुकडा.

एकानं खाली लिहिलं, 'तुमच्या अ नंच चुकीचं भरलं असेल. वापरणारे नेहमी चुकतात.' दुसऱ्यानं स्प्रिंगची आवृत्ती बदलायला सांगितली. हेमांगीनं बदलली, तर होतं तेही बंद पडलं. ते पूर्ववत करण्यात अख्खा दिवस गेला. तिसऱ्यानं मला अपुरा म्हणून बंद करण्याची सूचना मांडली. मला राग आला नाही. अपुरा तर मी होतोच.

माणसांची एक रीत मी पाहिली आहे. मदत मागतानाही ती जपून मागतात. जिथं दुखतं ती जागा झाकून ठेवतात आणि डॉक्टरला भलतीकडेच हात लावू देतात.

मग मार्टा नावाची एक बाई आली. ती पोलंडची, एवढंच तिच्याबद्दल मला ठाऊक आहे. तिनं टोमणाही मारला नाही आणि सल्लाही दिला नाही. फक्त विचारलं, 'अ नं बरोबर भरलं होतं याची खात्री कशावरून? आणि ते केव्हा भरलं?'

स्वयंपाकघरात प्रमिलाबाई भांडी आपटत होत्या. हेमांगीनं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं: 'खात्री आहे, कारण अ मीच आहे. मी घटस्फोटित आहे आणि तेच निवडलं होतं.' मग वेळ सांगायची म्हणून तिला मुहूर्तही समजावून द्यावा लागला. आमच्याकडे शुभ काम ठरलेल्या क्षणी सुरू करतात, त्यामुळे शेकडो घरांनी एकदमच फॉर्म भरले. परक्या माणसांना आपल्या पंचांगाचं काय, असं वाटून ही गोष्ट तिनं आधी लिहिलीच नव्हती.

'एकदम?' मार्टानं लगेच विचारलं. 'मग पहिली पानं कुठं ठेवता तो भाग दाखवा.'

हेमांगीनं राहिलेला तुकडा दाखवला आणि गाठ सुटली. स्प्रिंगमध्ये आलेला फॉर्म हाताळणारा जो भाग असतो, तो माणसागणिक वेगळा नसतो. सगळ्यांना मिळून एकच. खिडकीवर एकच कारकून असावा तसा. हेमांगीनं सगळ्यांची पहिली पानं त्याच्या टेबलावरच ठेवायला लावली होती. माणसं एकेक करून आली तर काही बिघडत नव्हतं. गर्दीत दोघं नेमकी एकाच वेळी आली, की आलेल्या दुसऱ्या पानाला तो ढिगातलं वरचं पान टाचून मोकळा होई. घरी ती एकटीच भरून पाहायची, म्हणून चूक कधी दिसली नाही. 'ज्याचं पान त्याच्या सेशनमध्ये ठेवा,' मार्टानं लिहिलं. म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा कप्पा. ज्यानं आधी टोमणा मारला होता त्यानंही खाली कबूल केलं, की हीच चूक पूर्वी आपणही केली होती.

बैठकीत हेमांगीनं लॅपटॉपवर मला उघडून दाखवलं. सगळं इंग्रजी पाहून आबांनी चष्मा काढून ठेवला. मग तिनं जुनाच प्रोग्रॅम सुरू केला. एक फोन नानांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि दोघांनी बरोबरच फॉर्म भरले. यादीत आलं: सुकदेव, एरंडोल, संगणक अभियंता.

नानांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मी विंजिनेर व्हयी गवू?"

सगळे हसले. नाना सर्वांत शेवटी हसले, आणि मग प्रमिलाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "अक्का, मन्हं चुकनं."

घरी आल्यावर हेमांगी यादी दुरुस्त करायला बसली. फोन अजून वाजतच होता. प्रमिलाबाई तो हातात घेऊन तिच्यामागे उभ्या राहिल्या. "मेघानं तेवढं सुधार. तुन्हं तसंच ऱ्हाऊ दे ना."

हेमांगीनं आधी स्वतःचंच सुधारलं. त्यानंतर फोन थंडावला. प्रमिलाबाई तरी पुष्कळ दिवस तो ओट्यावर जवळ ठेवूनच भाकरी थापायच्या. मला सहसा काही वाटत नाही, पण याचं वाईट वाटलं.

आता मी सुटलेला प्रश्न आहे. माझ्या उत्तरापुढे ते बरोबर ठरल्याची हिरवी खूण आहे. बरेच जण काम झालं की 'झालं' एवढंच लिहून निघून जातात आणि मागून येणाऱ्याला तसंच चाचपडत ठेवतात. हेमांगीनं सगळं सविस्तर लिहून ठेवलं, मुहूर्तासकट. म्हणून मी अजून लोकांच्या उपयोगी पडतो. तुमच्यावर कधी असा प्रश्न मांडायची वेळ आली, तर तो पुरता मांडा, एवढंच माझं मागणं. जे सांगायला नको वाटतं, ते सुद्धा लिहा.

परवा ब्राझीलमधून एकानं माझ्याखाली लिहिलं, 'अ, तुम्ही स्वतःबद्दल खरं लिहिलंत म्हणून मला माझी चूक सापडली. तुमचे आभार.' हेमांगीनं ते आईला मराठीत वाचून दाखवलं. प्रमिलाबाईंनी परातीतला हात थांबवला, थोडा विचार केला आणि विचारलं,

"त्यानं लगीन आधीच व्हयेल शे का?"