चाळीस मृतांची एकच रेघ

भरदुपारी पडदे ओढून केलेल्या अंधारात साठ-सत्तर माणसं श्वास रोखून बसली होती. समोर स्पिरिटच्या दिव्याची जेमतेम दिसणारी निळी ज्योत. ज्योतमहाराजांनी बोटांनी वात सारली आणि खर्जातला आवाज लावला, "देह म्हणजे कार्बन, आत्मा म्हणजे फ्रिक्वेन्सी! या मास्तर, घरचे आलेत."

ज्योत हिरवी झाली.

मास्तरांच्या धाकट्या लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा जाऊन सात महिने झाले होते, तरी कुणीतरी वळून पाहिल्यासारखं वाटलं. शेजारी आई पुटपुटली, "आलात?"

"मास्तर म्हणतात, गोळ्या सोडल्यास ते बरं केलंस."

मागच्या बैठकीत मास्तरांनीच तसं सांगितलं म्हणून आईने हृदयाच्या गोळ्या सोडून नऊ दिवस झाले होते.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "आई, पाय बघ किती सुजलेत."

"तुझे बाबा खोटं बोलतील? आणि तुलाही दिसला की उजेड. तोंड बघितलं मी तुझं."



धाकटीची नोकरी प्रयोगशाळेत, ज्योतींवरच. एका ज्योतीत पन्नासेक पदार्थ बनतात, मोडतात. सगळ्यांचा माग ठेवताना संगणकही मेटाकुटीला येतो. मग संख्याशास्त्राची चाळणी लावायची: कोण कोणाबरोबर वाढतं, कमी होतं ते पाहायचं आणि पन्नास आकड्यांची गोष्ट दोन-तीन आकड्यांत बसवायची. भक्तांनी हौसेने ग्रुपवर टाकलेल्या बैठकींच्या चाळीस व्हिडिओंतले ज्योतीचे रंग आणि हेलकावे तिने याच चाळणीतून काढले.

दोन आकडे उरले. पहिला वाऱ्याने ज्योत हलण्याचा, दर वेळी वेगळा. दुसरा हिरव्या रंगाचा. त्याची आलेखावरची रेघ तिने पुन्हा पुन्हा काढून पाहिली. थकलेले आजोबा, बाळंतपणात गेलेली सून, बुडालेला मुलगा, तिचे बाबा: सगळे अकराव्या सेकंदाला भरात, तिसाव्याला गुल. चाळीस मेलेली माणसं एकाच पावलाने चालत आली होती. आणि प्रत्येकाच्या आधी महाराजांची बोटं वातीला लागत होती.

पुढच्या बैठकीत ती उठली. "महाराज, आज नवी वात, आणि ती मी सारणार."

"पोरी, भाजशील."

"रोजचंच आहे माझं."

हशा पिकला. तिने वात लावली, बाबांना हाक मारली. ज्योत निळीच राहिली.

"मास्तर रुसले!" महाराज ओरडले.

तिने खिशातली डबी उघडली आणि चिमूटभर पांढरी भुकटी वातीवर टाकली. ज्योत हिरवीगार झाली.

"हे कोण आलं, महाराज? ही कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर. चिमूट जळायला लागतो तेवढाच वेळ तुमचा आत्मा थांबतो."

कुणीतरी पडदे उघडले. महाराजांच्या बोटांवर तीच पांढरी भुकटी होती. बुडालेल्या मुलाची आई तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"म्हणजे ते कधीच आले नाहीत?" आईने विचारलं.

"नाही, आई."

"मग गोळ्या सोड असंही ते म्हणाले नाहीत."

"बाबा असते तर रागावले असते तुला."

 आई उठून त्या रडणाऱ्या बाईजवळ जाऊन बसली. "तुम्हाला काय सोडायला सांगितलंय या महाराजाने?"

"माझ्या लहान मुलीची फिटची औषधं."

"गेलेलं माणूस येत नाही हो, बाई. आहे ते जपायचं, त्यासाठी डॉक्टर आहे, डोकं आहे. चला, आत्ताच जाऊ. मलाही दाखवायचंय."