छातीत गुडगुडतंय

औशात शिवणकाम करणारी उजमा अकरा महिने एकच गोष्ट सांगत होती. जेवलं की धाप लागते, आडवं झालं की जीव घुसमटतो आणि छातीत डाव्या अंगाला पोटासारखं गुडगुडतं. गावातले डॉक्टर हे ऐकून हसले होते. त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग झोपेच्या. तिच्या नवऱ्याला, मुनीबला, बाजूला घेऊन म्हणाले, बाईंनी मनाला लावून घेतलंय. मग मुनीबही तिला समजावू लागला. याचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

एका दुपारी जेवण उलटून पडलं, श्वास घेता येईना, तेव्हा मुनीबने तिला लातूरला नेलं. तिथल्या सर्जन अंबिका स्वामी यांनी तिचं सगळं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग डाव्या फासळ्यांवर स्टेथोस्कोप ठेवला.

"गुडगुडतंय," त्या म्हणाल्या. "पूर्वी कधी मार लागला होता?"

गेल्या वर्षी किल्लारीच्या रस्त्यावर जीप उलटली होती आणि उजमाचं पोट सीटखाली दाबलं गेलं होतं. स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. छाती आणि पोट यांच्या मधोमध स्नायूचा घुमटासारखा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. उजमाचा हा पडदा डावीकडे फाटला होता आणि तिथून जठर वर शिरून फुप्फुसाला दाबत होतं. अपघातानंतरच्या एक्स-रेचा अहवाल तिच्या फाइलीतच होता: डावा पडदा वर दिसतो, पुढील तपासणी करावी. ती फाइल दर खेपेला औशाच्या डॉक्टरांच्या टेबलावर गेली होती.

मुनीबने माफी मागितली. उजमाने तोंड फिरवलं.

ऑपरेशनमध्ये जठर खाली घेऊन पडदा शिवला. दीड महिन्याने ती औशाच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, हे निदान अवघड असतं.

"असंल अवघड," उजमा म्हणाली. "पण कागदावर लिहिलेलं तुम्ही वाचलं न्हाई, अन् मी सांगत हुते तर हसलात."

आता बऱ्या आहात ना, मग सोडून द्या, असं ते म्हणाले.

तिने सोडलं नाही. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयासाठी तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली, तीन पानं. मुनीब सोबत येतो म्हणाला. ये, म्हणाली, पण बोलायचं मी.