हरकतींची मुदत

मी तुमच्या शहराच्या जमाखर्चाची वेबसाइट बोलतेय. ओळखलं नाहीत तरी राग नाही, मला फारच थोड्यांनी पाहिलंय. हैदराबादचा पैसा कुठून येतो, कोणत्या गल्लीतल्या कामाला जातो, सगळं माझ्याकडे आहे. गल्लीचं नाव टाका, दाखवते.

माझा जन्म झाला तेव्हा हारतुरे झाले, भाषणं झाली. "आता नागरिकांपासून काही लपणार नाही," असं म्हणाले. मीही खुळी, खरं मानून बसले. लोक येतात ते घरपट्टीची पावती काढायला. शहराचा खर्च हा चहा पिताना बोलायचा विषय आहे, बघायचा नाही.

तरी एकदा काचीगुड्याची सुप्रिया आली. गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की घाण पाणी तिच्या आजोबांच्या तळमजल्यावरच्या पोर्शनमध्ये, म्हणजे खालच्या बिऱ्हाडात, शिरायचं, आणि आजी सावित्रीबाई तर अंथरुणाला खिळलेल्या. मी दाखवलं : नव्या लाइनचे पैसे मंजूर आहेत, पण ते दुसऱ्या रस्त्याकडे वळवायचा प्रस्ताव आहे. गल्लीनं हरकत घेतली तर थांबेल. हरकत माझ्यावरच नोंदवायची, महिनाअखेरपर्यंत.

तिनं फोन आजोबांपुढे धरला. रामचंद्ररावांचा जन्म सरकारी नोकरीत गेलेला.

"असं बोटानं दाबून हरकत होते काय? अर्ज पाहिजे. त्यावर आवक नंबर पाहिजे."

"आजोबा, ऑनलाइनच सबमिट करायचंय. पेपर धरत नाहीत."

"धरतात की. मला नक्को शिकवू."

सुप्रियानं हरकतीचा रकाना उघडला होता. आजोबांचा मान राखायचा म्हणून तिनं तो तसाच बंद केला. त्यांनी अर्ज लिहिला, गल्लीभर सह्या घेतल्या, कचेरीच्या टपाल खिडकीवर दिला, पोचेवर शिक्का मारून आणला. सही करणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, झालं काम. माझ्याकडे एक ओळही आली नाही. मला हाक मारता येत नाही हो. मुदत संपली, पैसे वळले.

पावसाळ्यात पाणी पलंगापर्यंत चढलं. सावित्रीबाईंना शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं, पण नंतर आलेल्या तापातून त्या उठल्या नाहीत. सुप्रियानं मागून लिहिलेल्या तक्रारीतून मला हे कळलं. तेव्हापासून कुणाला 'या, बघा' म्हणायची माझी उमेदच गेली आहे.

काल रामचंद्रराव स्वतः आले. एकेक अक्षर शोधत त्यांनी गल्लीचं नाव टाकलं. मी दाखवलं : काम रद्द. हरकती : निरंक. हा शब्द त्यांनी जन्मभर फायलींवर लिहिला असेल. त्यांनी त्या शब्दावर बोट टेकवून ठेवलं.

"आजोबा, बंद करू?" सुप्रियानं विचारलं.

"थांब. हिच्याबद्दल काही लिहिलंय काय, बघतो."

त्यांनी बायकोचं नाव टाकलं. माझ्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांचा हिशेब आहे, गटारांच्या झाकणांचा आहे. मी उत्तर दिलं : नोंद आढळली नाही.

आपलंच काही चुकलं असेल असं वाटून त्यांनी चष्मा पुसला आणि नाव पुन्हा, सावकाश टाकायला घेतलं.